लवंगेच्या तेलाचा उन्हाळा

वैशाख लागला की आमच्या अंबडच्या लोकांना आंबे आठवतात, लग्नाच्या पंगती आठवतात, गेला बाजार कुलरच्या जाळ्या तरी आठवतात. मला लवंगेचं तेल आठवतं. आता याला काय करणार! परवा दुपारी मसालेभात करावा म्हणून डबा उघडला, दोन लवंगा तळहातावर घेतल्या आणि भात राहिला बाजूला. मी आपली ओट्याला टेकून उभी. एकटीसाठी मसालेभात करणं हा तसाही खुळचटपणाच. वाटीभर तांदूळ कुकरच्या तळाशी असे बापुडे दिसतात की त्यांचीच दया यावी. शेवटी दहीपोहे खाल्ले आणि पडून राहिले.

त्यात यंदाच्या वैशाखानं येताना माझ्यासाठी आणखी एक भेट आणली आहे. पित्ताशयात खडे. जन्मभर गोदावरीच्या काठचे खडे-गोटे तुडवत हिंडले, त्यातले थोडे पोटात गेले असावेत. जालन्याचे डॉक्टर म्हणाले, "घाबरायचं कारण नाही मॅडम, दुर्बिणीनं काढू. पूर्ण भूल द्यावी लागेल एवढंच." मी म्हटलं, द्या की. आजवर एवढ्या जिवांना मी भूल दिली आहे, आता माझी पाळी. डॉक्टरांना विनोद कळला नाही. तिथल्या नर्सबाईंना विनोदाशी कर्तव्यच नव्हतं. त्यांनी विचारलं, "सोबत कोण येणार?"

"कोणी कशाला? मी माझी येईन एसटीनं, माझी जाईन."

"तसं जमत न्हाई मॅडम. भूल उतरताना आपलं माणूस जवळ लागतं. सोमवारी घेऊन या कुणाला तरी."

आपलं माणूस! दुकानात जाऊन आणायची वस्तू असावी तसं त्या म्हणाल्या. मी "बघते" म्हणून बाहेर पडले आणि स्टँडवर येईपर्यंत डोक्यात एकेक नाव काढून पाहिलं. स्टँड आला, नावं संपली. अंबडची गाडी लागलेली होती, खिडकीची जागा मिळाली आणि शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामी राहिली.

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. आता निवृत्त आहे. लग्न केलं नाही. का नाही केलं, हे विचारणारी माणसंही आता उरली नाहीत, इतकं ते जुनं झालं. आई होती तोवर घरात दोन माणसं होती, दोन कप होते, भांडणं होती. आई गेली तेव्हा नातेवाईक आले, पुण्याहून भाऊ-वहिनी आली, पुतण्या मंदार आला. तेराव्या दिवसाचं जेवण झालं आणि वहिनीनं विचारलं, "ताई, तुम्ही राहाल ना एकट्या? की आम्ही थांबू थोडे दिवस?" मी म्हटलं, "छे, मी ठीक आहे. तुम्ही निघा." आणि ते निघाले! माझं म्हणणं इतक्या तत्परतेनं आमच्या घरात कोणी कधी ऐकलं नव्हतं. संध्याकाळी मी आईची खाट उभी करून भिंतीला लावली आणि त्या रिकाम्या झालेल्या जागेकडे बघत बसले. राग आला होता. कुणाचा, ते सांगता येत नाही.

तर लवंगेचं तेल.

बऱ्याच वर्षांपूर्वीच्या एका उन्हाळ्यात मी आईला सकाळचा चहा देऊन अंधुक उजेडातच घर सोडायची. तीर्थपुरीच्या पुढं, गोदावरीच्या बंधाऱ्याखाली एक डोह आहे. नदी आटली तरी तो मागं उरतो, आणि खाली-वर पांगलेले मासे पाण्याच्या मागंमागं सरकत शेवटी त्यात गोळा होतात. वैशाखात तो डोहही आटायला लागतो. कडेचा गाळ भेगाळतो, पाणी दिवसागणिक आत आत जातं, बगळे रांगेत येऊन बसतात. कॉलेजकडून मिळालेलं आमचं संशोधनाचं काम असं होतं, की डोह मरायच्या आधी त्यातले मासे पकडायचे, मोजायचे, वजन करायचं, पाठीच्या परापाशी एक बारीकशी पिवळी खूण टोचायची आणि बंधाऱ्याच्या वरच्या खोल पाण्यात नेऊन सोडायचे. म्हणजे पुढं कधी कुणाच्या जाळ्यात ते आले, तर कुठून कुठं गेले ते कळेल. पाळलेले मासे नव्हेत. नदीचे, रानटी. शिंगाळे, वांबी, मरळ. त्यातही शिंगाळा मोठा गुणाचा. लांब मिशा, अंगावर खवला नाही आणि परात काटा असा, की हातात घुसला तर माणसाला पूर्वज दिसावेत.

जाळं रज्जाकभाईंचं. परतूरच्या बाजारात त्यांचं माशांचं दुकान होतं, पण दुकानात मन नाही. जाळं घेऊन नदीवर उतरले की माणूस खुलायचा. सोबत त्यांची बायको, शमीम आपा. ती आली होती नवऱ्याला डबा द्यायला म्हणून, आणि पहिल्याच दिवशी माझा एकटीचा गोंधळ बघून पदर खोचून पाण्यात उतरली. मी शाकाहारी घरातली बाई. माशाला हात लावायचा तो फक्त विद्येसाठी, असा माझा बाणा. आपाला याची भयंकर गंमत वाटायची. "मॅडम, खात न्हाई, इकत न्हाई, मंग पकडून कामून राह्यल्या?" मी सांगायची, "सोडायला." यावर ती नवऱ्याकडे बघायची आणि दोघं खो खो हसायची.

पहिले काही दिवस आम्ही तेल वापरत नव्हतो, नुसतेच धरत होतो. काय ते हाल! पाळलेल्या माशाला माणसाच्या सावलीची सवय असते. नदीच्या माशाला माणूस म्हणजे मरण, दुसरा अर्थच ठाऊक नाही. तो मोजपट्टीवर ठेवला की सगळं अंग आपटायचा. अंगावरचा चिकट थर असतो ना, तेच त्याचं कवच. ते आमच्या हातांना लागून यायचं. मोजमाप करून सोडला की सुळकन जायचा आणि आम्हाला वाटायचं, चला, झालं. मग चार दिवसांनी वरच्या पाण्याच्या कडेला तेच मासे उलटे तरंगताना दिसू लागले. पिवळ्या खुणेसकट. अंगावर जखम नाही, काही नाही. रज्जाकभाई काठीनं एकाला जवळ ओढून म्हणाले, "ह्याला झालं काय पण?"

झालं काय, तर भीती. भीती अंगात मुरते आणि सावकाश मारते. दिसायला मासा पोहत असतो, आतून संपलेला असतो. पुस्तकात हे मी पोरांना शिकवलेलं होतं, परीक्षेला विचारलेलंही होतं. डोळ्यांनी बघत होते ते मात्र पहिल्यांदाच. त्या दिवशी काम बंद ठेवलं आणि मी तीर्थपुरीच्या बाजारात जाऊन लवंगेचं तेल मागितलं. दुकानदारानं पहिली बाटली दिली, दुसरी दिली. तिसरी मागितल्यावर त्यानं चष्मा वर केला.

"मॅडम, सगळ्या गावाचे दात दुखून राह्यले का काय?"

"माशांचे," मी म्हटलं. त्यानं तिसरी बाटली पुढं सरकवली.

तसं पाहिलं तर भूल द्यायची कृती साधी. तेल पाण्यात मिसळत नाही, म्हणून आधी थोड्या स्पिरिटमध्ये घालून बाटली खळाखळा हलवायची. टबात डोहाचंच पाणी घ्यायचं, दुसरं नाही. परक्या पाण्याचा आणखी एक धक्का कशाला? त्यात ते दुधाळ मिश्रण टाकायचं आणि मग मासा. आधी तो एक फेरी मारतो. मग त्याची शेपटी सावकाश होते. मग तो एका कुशीवर कलतो, स्वतःला सावरतो, पुन्हा कलतो आणि या खेपेला सावरत नाही. कल्ले तेवढे उघडझाप करत राहतात. बस, एवढंच हवं. याच्यापुढं गेलं तर कल्लेही थांबतात आणि मग तो परत येत नाही. म्हणून टबावरून नजर हलवायची नाही, कोणी हाक मारली तरी.

माशाला पापणी नसते. झोपला तरी डोळा उघडाच. ओल्या फडक्यावर तो शिंगाळा आडवा ठेवला की तो उघडा डोळा सरळ माझ्याकडे बघायचा आणि अंगात मात्र काडीचा प्रतिकार नसायचा. ती तलवारीसारखी मिशी, तो काटा, सगळं मऊ पडलेलं. पहिल्यांदा रज्जाकभाईंना ते आवडलं नाही. "झोपलेल्याला धरायचं म्हणजे काय मर्दुमकी हाय?" म्हणाले. मी म्हटलं, "मर्दुमकी दाखवायला आलोय का आपण? त्याला भ्या वाटू नये म्हणून करतोय." त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि मग स्वतःच्या डोक्यावरचा रुमाल भिजवून माशाच्या डोळ्यावर टाकला. तेव्हापासून तो रुमाल त्याच कामाला राहिला.

सगळीकडे लवंग. हाताला, पदराला, भाकरीला. एसटीत माझ्याशेजारी बसणारी माणसं नाक वर करून हुंगायची. आई म्हणायची, "तू नदीवर जातेस की विडे लावायला?" पण खरी धमाल गावात. नदीवरची मॅडम दातदुखीचं तेल वापरते म्हटल्यावर काठावर माणसं गाल धरून यायला लागली! एक आजोबा तर रोज यायचे. त्यांना दात दोनच होते, आणि दोन्ही दुखायचे. आपा कापसाचा बोळा तेलात बुडवून त्यांच्या दाताला लावायची आणि मला म्हणायची, "मॅडम, ह्यांना बी पिवळा ताईत टोचा, कुठं कुठं हिंडतेत ते कळंल." माशाच्या त्या खुणेला गावानं ताईत हेच नाव दिलं होतं. मी सुरुवातीला दुरुस्त करायचा प्रयत्न केला. नंतर माझ्याही तोंडी तेच बसलं.

आता तो दिवस सांगते. त्याच्यासाठीच एवढं लिहायला बसले.

तेल वापरायला लागल्यानंतरचा पहिला मोठा शिंगाळा. हातभर लांब, मादी, पोटात अंडी धरलेली. पाऊस लागला की ही वरच्या पाण्यात अंडी घालणार. म्हणून तिचा जीव म्हणजे एकटीचा जीव नव्हे, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. तिला झोपवलं, मोजलं, ताईत टोचला, सगळं कसं छान पार पडलं. मग बंधाऱ्याच्या वर नेऊन पाण्यात धरायचं. तोंड वाहत्या पाण्याकडे, एक हात पोटाखाली, एक शेपटीशी, म्हणजे कल्ल्यांतून ताजं पाणी जातं आणि भूल उतरते. रज्जाकभाईंनी धरली होती. थोड्या वेळानं तिनं असा काही हिसका दिला म्हणता! पाणी उडालं, रज्जाकभाई ओरडले, "उठली! उठली!" आणि आनंदानं हात मोकळे केले. ती सुळकन निघाली. आम्ही टाळ्या वाजवल्या. अहो, खरंच वाजवल्या.

आणि चार-पाच हातांवर जाऊन ती थांबली. कलली. पांढरं पोट वर आलं.

"अजी, कायकू छोडे?" आपा किंचाळली. "अब्बी कच्ची नींद में है वो!"

रज्जाकभाई कपड्यांनिशी पाण्यात पडले. ती खाली बुडत होती, त्यांनी तिला बगलेत धरून वर आणलं. कल्ले जवळजवळ थांबले होते. आपानं ती हातात घेतली आणि गुडघाभर पाण्यात बसकण मारली. मी शेजारी. पुढं-मागं, पुढं-मागं, पाळण्यातल्या बाळागत आम्ही तिला पाण्यात हलवत राहिलो. ऊन डोक्यावर आलं. पाठ भाजून निघाली. पाण्यातून उजेड असा वर येत होता की डोळे उघडवेनात. मला वाटलं, गेली. मी आपाला म्हटलंही, "सोडा आता, काही उपयोग नाही." ती म्हणाली, "तुम्हाला जायचं तर जा."

मग एक कल्ला हलला. मग दुसरा. मग पुन्हा तसाच हिसका. या वेळी मीच म्हटलं, "उठली!" पण आपानं हात सोडला नाही. सैल केला फक्त. मासा तिच्या तळहातावर, मोकळा, जायचं तर जाऊ शकेल असा. आणि तो जाईना. शेपटी हलवत तिथंच राहिला. किती वेळ कोण जाणे. मग काही न करता, हिसका नाही, पाणी उडणं नाही, ती मादी सहज पुढं सरकली. तळहातावरून सबंध अंग नेत नेत, शेपटीचं टोक शेवटी आणि गेली. खोल हिरव्या पाण्यात पिवळा ताईत थोडा वेळ दिसत होता.

त्यानंतर नदीवरचा आमचा नियमच झाला. पहिल्या हिसक्याला सोडायचं नाही. पहिला हिसका खोटा असतो. तो जाग आल्याचा नसतो, भ्यालेल्या अंगाचा असतो. हात सैल करायचा, पण काढायचा नाही. आपण सोडायचं नाही, त्यानं जायचं. आणि ज्यानं धरलं त्यानंच शेवटपर्यंत थांबायचं, मध्येच दुसऱ्याकडे द्यायचं नाही. मी कॉलेजात पुढं कितीतरी पोरांना हे सांगितलं. त्यांनी लिहूनही घेतलं असेल.

त्या उन्हाळ्याचे तसे किती दिवस! पहिले ढग आले, बंधाऱ्याचं पाणी हललं, आमचं काम संपलं. पुढच्या वर्षी कामाला मंजुरी मिळाली नाही. टब, ताजवा, मोजपट्टी कॉलेजच्या कपाटात गेली. आई आजारी पडली. नदी तीस-चाळीस किलोमीटरवर होती आणि मी वर्षानुवर्षं तिकडे फिरकले नाही. आता वाटतं, आयुष्यात मी गर्दीत होते ती तेवढीच. तीन माणसं, एक टब, काठावर गाल धरून बसलेले दोन दातांचे आजोबा. दुपारी बाभळीच्या सावलीत आपा ज्वारीची भाकरी आणि ठेचा सोडायची आणि माझ्यासाठी वेगळ्या डब्यात, वेगळ्या पळीनं केलेली भाजी आणायची. "मॅडम, मछलीचं भांडं न्हाई लावलेलं, बिलकुल." ती वेगळी पळी तिनं खास माझ्यासाठी घेतली होती. कामाच्या शेवटच्या दिवशी ती मला देऊन टाकली. आजही माझ्या ओट्यावर आहे. पोहे मी त्याच पळीनं वाढून घेते, मलाच.

सोमवारचं घोंगडं भिजत पडलं होतं. मंदारला फोन केला. तो चांगला मुलगा आहे, उगाच नावं ठेवणार नाही. म्हणाला, "आत्या, सोमवारी नेमकी ऑफिसची मीटिंग आहे. मी एखादी अटेंडंट बघून देऊ का? हल्ली तासावर मिळतात. आणि मी व्हिडिओ कॉलवर असेनच." मी म्हटलं, "नको रे, मी ठीक आहे." "नक्की?" "नक्की." झालं. फोन ठेवला. शेजारच्या काकू लग्नाला लातूरला गेलेल्या. कॉलेजातल्या मैत्रिणी मुलांकडे पुण्याला नाहीतर अमेरिकेला. आणि खरं सांगू? माणूस मिळत नाही हे दुःख नव्हतं. मागता येत नाही, हे होतं. "माझ्याजवळ बसा" एवढे दोन शब्द. सबंध जन्म वर्गात घसा फोडून बोलले, आणि हे दोन शब्द तोंडातून निघेनात.

मग रविवारी सकाळी मी रज्जाकभाईंना फोन लावला. डोह कसा आहे ते विचारायला. नाटक, दुसरं काय!

"मॅडम! किती साल झाले!" म्हातारे झाले होते आवाजानं. "डोह? आटून राह्यला की. अब्बी बगळे बसलेत काठाला. कोणी येत न्हाई आता मासे झोपवायला." मग थांबून म्हणाले, "तुम्हाला एक सांगायचं राहून गेल्तं. मागच्या हिवाळ्यात वरच्या पाण्यात जाळ्यात एक शिंगाळा आल्ता. ह्ये एवढा. पाठीवर शेवाळ चढलेला ताईत. आपलाच."

मी म्हटलं, "मग?"

"मंग काय? आपाला दाखवला आन् दिला सोडून. आपलं माणूस कोणी इकतं का?"

मागून आपाचा आवाज आला, कोण हाय, मॅडम हाय का, दे इकडं. फोन तिच्याकडे गेला. तिनं ना विचारपूस केली ना काही, थेट म्हणाली, "आवाज असा कामून येऊन राह्यला?"

मी सांगितलं. हसत हसतच सांगितलं. उद्या लहानसं ऑपरेशन आहे, जालन्याला, काही विशेष नाही, सगळ्यांची होतात. तिनं दवाखाना कुठला ते विचारलं, मी बोलण्याच्या ओघात सांगून टाकलं.

"कोणी हाय ना सोबत?"

"हो हो, आहे की. पुतण्या येतोय पुण्याहून."

"बराबर?"

"हो हो, अगदी. मी ठीक आहे आपा."

"मंग ठीक," ती म्हणाली आणि फोन बंद झाला. मी फोन हातात घेऊन बसून राहिले. ज्यासाठी फोन केला होता तेवढंच सोडून सगळं बोलून झालं होतं.

सोमवारी पहाटेची गाडी. उपाशी पोट, पिशवीत गाऊन, टॉवेल, पाण्याची बाटली. नर्सबाईंनी विचारलं, "सोबतचे?" मी म्हटलं, "येतायत, गाडी लेट आहे." खोटं बोलायची सवय नाही, कान गरम झाले. आत नेलं तेव्हा इतका गारठा होता की मी त्या गाऊनमध्ये कुडकुडायला लागले. भूल देणारे डॉक्टर तरुण होते. मी त्यांना विचारलं, "माझं वजन पाहून प्रमाण ठरवलंत ना?" ते हसले. "तुम्ही डॉक्टर आहात का?" म्हटलं, "माशांची." वर तो मोठा गोल दिवा. मला तो काठावरचा सूर्य वाटला, आणि मी अंगाखालचं ओलं फडकं शोधत होते. भीती वाटत होती हो. कापायची नाही. ती नर्स म्हणाली होती ना, भूल उतरताना. त्या वेळेची. आपण एका कुशीवर कललो आणि सावरायला कोणी नसलं तर. तोंडावर काहीतरी ठेवलं गेलं आणि माझी शेपटी सावकाश झाली.

मग कुठूनतरी खालून वर. घसा कोरडा, पोटात ओढल्यासारखं, कानात पाणी असल्यासारखे आवाज. डोळे उघडेनात. पण उजव्या हाताखाली काहीतरी होतं. गार, खरखरीत. तळहात. माझा हात त्यावर ठेवलेला, घट्ट धरलेला नाही. आणि वास. आधी वाटलं, भुलेचा असेल. मग कळलं, लवंगेचा.

"मॅडम," आवाज आला. "हलू नका."

मी डोळे किलकिले केले. डोक्यावरून पदर, जाड काचांचा चष्मा, केस पार पांढरे. तोंडात लवंग धरलेली. परतूरहून पहिल्या गाडीनं आलेली. रज्जाकभाई बाहेर बाकड्यावर बसले होते. बायकांच्या वॉर्डात त्यांना आत सोडलं नव्हतं.

"तुम्ही?" मी म्हटलं. शब्द धड फुटत नव्हता. "तुम्हाला कोणी... मी सांगितलं होतं ना, पुतण्या..."

"सांगितलं की. लई जल्दी सांगितलं. हो हो, हो हो." तिनं माझी नक्कल केली. "तवाच म्हन्लं ह्यांना, पहिली गाडी धरू."

मला काय झालं कोण जाणे, मी उठायचा प्रयत्न केला. कोपरावर जोर दिला, मान वर केली. अगदी ताठ आवाज काढला, वर्गातला. "मी ठीक आहे आपा. खरंच ठीक आहे. तुम्ही निघा आता, परतूरची गाडी चुकेल."

पोटात कळ आली आणि मी होते तशी मागं कलले. तिनं दुसरा हात पाठीखाली घातला, सावकाश खाली टेकवलं. पुन्हा तळहात माझ्या हाताखाली.

"हा पहिला हिसका हाय," ती म्हणाली.

खोलीत पंख्याचा आवाज होता. बाहेर कोणीतरी कुणाला तरी हाक मारत होतं. माझ्या डोळ्यांतून पाणी कानाकडे उतरायला लागलं आणि मी ते पुसलं नाही. आईच्या तेराव्याला जे यायला हवं होतं ते आत्ता येत होतं. आपा चष्म्यातून माझ्याकडे बघत राहिली, टबाकडे बघायची तशी.

"मग कधी सोडणार?" मी बऱ्याच वेळानं विचारलं.

"आपण कुठं सोडतो? तुम्हीच जायचं, जाऊशी वाटंल तवा."

तिचा हात सैल होता. मला काढून घेता आला असता. मी कुठंही गेले नाही.